अक्षयनीवी आणि उत्तरवयांतील निर्वाह

१. प्रास्ताविक

बीड तालुक्यांतील लिंबागणेश हें भालचंद्र गणेशाचें क्षेत्र होय. गजाननाच्या शापानें निस्तेज झालेल्या चंद्रानें येथें आराधना करून शापाचें निवारण करून घेतलें, अशी क्षेत्रकथा आहे. चंद्राची घटलेली कला पुन्हा भरून येते. सेवानिवृत्त मनुष्याची घटलेली पुंजी तशी भरून येत नाहीं. म्हणून या गांवच्या आणि या जिल्ह्याच्या शिक्षक, तलाठी, कारकून इत्यादि मंडळींपुढें सेवेच्या शेवटच्या दिवशीं एक जुनाच प्रश्न उभा राहतो. भविष्यनिर्वाह निधि व उपदान मिळून जी रक्कम एकदम हातीं येते, ती उरलेल्या आयुष्यांत कोणत्या मापानें खर्चावी?

या प्रश्नास आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर दिलें जातें : मुद्दलास हात लावूं नये, व्याजावर निर्वाह करावा. हें उत्तर इतकें सर्वमान्य आहे कीं, तें तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास वाटत नाहीं. परंतु मुद्दल अक्षय ठेवून व्याज भोगण्याच्या रीतीचा महाराष्ट्रांतील लेखी पुरावा सुमारें एकोणीसशें वर्षांचा आहे, आणि त्यांत रकमा, व्याजाचे दर व खर्चाच्या बाबी सर्व आंकड्यांनिशीं दिलेल्या आहेत. लिंबागणेशींच्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास नाशिकच्या लेण्यांपर्यंत जावें लागतें तें याच कारणास्तव. त्या पुराव्याचा हिशेब मांडून तो आजच्या सेवानिवृत्तास काय सांगतो, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विषय केवळ पुराणवस्तूंच्या कुतूहलाचा नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत बीड जिल्ह्यांत बहुराज्य पतसंस्था बंद पडल्या आणि सहस्रावधि ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकून पडल्या. त्यांत व्याजावरच निर्वाह करूं पाहणारे वृद्ध पुष्कळ होते.

२. ‘नीवी’ या शब्दाचे दोन अर्थ

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत समाहर्त्याचीं कामें सांगतांना आय, व्यय आणि नीवी असे हिशेबाचे तीन भाग केले आहेत. तेथें नीवी म्हणजे आयव्ययाची शुद्धि झाल्यावर उरणारी शिल्लक. तिचे पुन्हा दोन प्रकार आहेत : हातीं आलेली ती प्राप्ता आणि पुढील वर्षांत ओढावयाची ती अनुवृत्ता. वर्षाचे हिशेब आषाढांत आणून दाखवावे, असाहि तेथें नियम आहे. अमरकोशांत मात्र नीवी हा मूलधनाचा पर्याय म्हणून येतो, आणि शिलालेखांतील ‘अक्षयनीवी’ या सामासिक शब्दांत हाच दुसरा अर्थ अभिप्रेत आहे : जें क्षय पावूं द्यावयाचें नाहीं असें मुद्दल.

एका अर्थीं नीवी ही दरवर्षीं नव्यानें मोजावयाची वस्तु आहे. दुसऱ्या अर्थीं ती एकदां ठेवून पुन्हा न मोडावयाची वस्तु आहे. हा भेद पुढील विवेचनांत उपयोगीं पडणार असल्यानें येथेंच नमूद करून ठेवितों.

३. उषवदाताचा हिशेब

नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरांतील (पांडवलेण्यांतील) दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्यानें लेणें संघास दिलें आणि त्यासह ३००० काहापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम त्यानें संघाच्या हातीं ठेविली नाहीं. गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे ती गुंतविली : एकीकडे २०००, दरमहा दर शेंकडा १ पडिक व्याजानें, दुसरीकडे १०००, दरमहा दर शेंकडा पाऊण पडिक व्याजानें. हे काहापण ‘अपडिदातव’, म्हणजे परत न द्यावयाचे, आणि ‘वढिभोज’, म्हणजे ज्यांची केवळ वृद्धि भोगावयाची असे आहेत, असें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ प्रमाणें चीवरिक, म्हणजे वस्त्रांचा खर्च, द्यावयाचा. दुसरीच्या व्याजांतून कुशणमूल. हें सर्व निगमसभेंत ऐकवून फलकावर नोंदविलें, असेंहि लेख सांगतो.

आतां हिशेब पाहूं. २००० वर दरमहा शेंकडा १ म्हणजे महिन्यास २० व वर्षास २४०. भिक्षु २०, प्रत्येकीं १२, म्हणजे २४०. जमा आणि खर्च तंतोतंत जुळतात. एक काहापणहि शिल्लक राहत नाहीं. दुसऱ्या रकमेचें व्याज वर्षास ९०.

या जुळणीचें आजवर कौतुक झालें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु गृहस्थाच्या दृष्टीनें पाहतां या योजनेचें मर्मस्थळ येथेंच आहे. सर्वच्या सर्व व्याज वांटलें जात असल्यामुळें मुद्दलांत कधींच भर पडावयाची नाहीं. वस्त्राचा भाव वाढला कीं त्याच १२ काहापणांत आंखूड वस्त्र मिळणार. मुद्दल अक्षय, पण वस्त्र मात्र क्षय पावणारें, अशी ही व्यवस्था आहे.

उषवदाताच्या लेखांतील दोन गोष्टी मात्र निर्विवाद शहाणपणाच्या आहेत. पहिली, त्यानें रक्कम एका हातीं न देतां दोन श्रेणींत विभागली. दुसरी, त्यानें दराचा लोभ धरला नाहीं. मनुस्मृतींत धर्म्य मानलेली वृद्धि महिन्यास मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षास शेंकडा १५ होते; अर्थशास्त्रांतहि महिन्यास शेंकडा सव्वा पण हाच दर धर्म्य म्हटला आहे. उषवदातानें ९ व १२ घेतले. ज्या रकमेवर कायमचा निर्वाह चालावयाचा, तिच्यावरील दर शास्त्रानें अनुमत केलेल्या मर्यादेपेक्षां खालींच ठेवावा, असें धोरण यांत दिसतें.

४. ककडीचें शेत

नाणें बदलतें तशी सत्ताहि बदलते. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला. इ. स. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा मारलेला आहे. त्याच डोंगरावरील तिसऱ्या लेण्यांत या राजाचे दोन लेख आहेत, आणि ते एकत्र वाचले असतां आपल्या विषयावर मोठा प्रकाश पडतो.

वर्ष १८ च्या लेखांत त्यानें पूर्वीं उषवदाताकडे असलेलें ककडी गांवचें २०० निवर्तनांचें शेत भिक्षूंस दिलें. वर्ष २४ च्या लेखांत राजा व राजमाता सांगतात कीं, ककडी येथें पूर्वीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं आणि गांवहि वसत नाहीं. सबब नगरसीमेवरील राजकीय शेतांपैकीं १०० निवर्तनें देण्यांत येत आहेत. अवघ्या सहा वर्षांत दानाचें उत्पन्न बुडालें. भूमि कोठें गेली नव्हती. तिच्यावर राबणारें माणूस गेलें होतें.

बालाघाटाच्या डोंगराळ भागांत राहणाऱ्यास या लेखाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. येथें जमिनीचें उत्पन्न पावसावर अवलंबून असतें, आणि इ. स. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें अद्याप हयात आहेत. बटाईनें दिलेली जमीन महागाईच्या वर्षीं धान्याच्या भावाबरोबर मालकासहि वर उचलते. परंतु दुष्काळाच्या वर्षीं तीच जमीन ककडीचें शेत होते.

या दोन लेखांचा खरा बोध असा कीं, दान टिकलें तें मूळच्या शासनाच्या बळावर टिकलें नाहीं. सहा वर्षांनीं कोणी तरी उत्पन्नाची चौकशी केली, तें बुडालें असें आढळतांच मान्य केलें, आणि अर्ध्याच क्षेत्राचें पण चालू उत्पन्नाचें दुसरें शेत नेमून दिलें, म्हणून तें टिकलें. येथें राजानें नीवी मोजली. ती कौटिल्याच्या अर्थानें.

५. औषधाची वेगळी नीवी

याच लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या वर्ष ९ चा लेख आहे. विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें संघांतील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठीं अक्षयनीवी ठेविल्याची त्यांत नोंद आहे. तिनेंहि रक्कम एके ठिकाणीं ठेविली नाहीं. कुलरिकांची श्रेणी, पाण्याचीं यंत्रें करणाऱ्या ओदयंत्रिकांची श्रेणी, तेल्यांची श्रेणी अशा निरनिराळ्या व्यवसायांच्या श्रेणींत ती वांटली. उषवदाताच्या दोन्ही श्रेणी विणकरांच्याच होत्या. विणकामास मंदी आली असती तर दोन्ही एकदमच अडचणींत आल्या असत्या. विष्णुदत्तेची विभागणी त्याहून पुढची आहे.

वस्त्राची नीवी वेगळी आणि औषधाची वेगळी, हा भेदहि विचार करण्याजोगा आहे. वस्त्राचा खर्च दरवर्षीं ठरलेला येतो. दुखणें सांगून येत नाहीं. एकाच पुंजींतून दोन्ही भागवावयाचे म्हटलें कीं पहिल्या मोठ्या दुखण्यांत वस्त्राचें मुद्दल जातें. आजच्या वृद्धांची पुंजी पुष्कळदां शहरांतील रुग्णालयांत एका महिन्यांत संपते, ती याच मार्गानें.

६. पाटणची पळीभर तेल

खानदेशांत चाळीसगांवनजीक पाटण येथें शके ११२८ (इ. स. १२०७) चा प्रसिद्ध लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ काढला, त्यास निकुंभ राजा सोइदेव यानें दिलेल्या देणग्या त्यांत आहेत. लेखाचा कांहीं भाग जुन्या मराठींत असल्यामुळें भाषाभ्यासकांस तो परिचित आहे. आपणांस येथें त्याचा दुसरा उपयोग आहे. मठास रोख पुंजी दिलेली नसून बाजारांतील देवघेवींत हिस्सा दिला आहे, आणि गांवांत जेवढे घाणे असतील तेवढ्यांकडून प्रत्येकीं पळीपळीभर तेल ठरवून दिलें आहे.

तेलाचा भाव दुप्पट झाला तरी पळी ती पळीच राहते. मठाच्या दिव्यास नाणें लागत नाहीं, तेल लागतें. आणि तेंच थेट दिलेलें आहे. उषवदाताच्या चीवरिकांत जें उणें होतें तें पाटणच्या पळींत भरून निघालें. अर्थात् घाणे बंद पडले कीं पळीहि बंद पडणार, हा धोका येथें आहेच. रोख व्याज, जमिनीचें उत्पन्न आणि व्यापारांतील हिस्सा या तिहींस तीन निरनिराळे धोके आहेत, आणि ते सहसा एकाच वर्षीं येत नाहींत. या तिहींतून थोडें थोडें घ्यावें, हा यांतून निघणारा सरळ निष्कर्ष होय.

७. तहहयात नेमणूक

आतांपर्यंतच्या सर्व दानांचा भोक्ता संघ किंवा मठ होता, आणि संघास मरण नसतें. म्हणूनच त्यास अक्षय मुद्दल हवें. मनुष्यास मरण आहे, परंतु त्याचें वर्ष ठाऊक नाहीं. मराठेशाहीच्या सनदांत हा भेद फार काळजीपूर्वक पाळलेला दिसतो : कांहीं देणग्या पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें, तर कांहीं केवळ हयातीपर्यंत. इ. स. १८५२ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशन काम करूं लागलें, तेव्हां याच शब्दांवर अनेक घराण्यांचें भवितव्य ठरलें.

तहहयात नेमणुकीचें सर्वांत मोठें उदाहरण दुसऱ्या बाजीरावाचें. इ. स. १८१८ च्या जून महिन्यांत तो मालकमच्या स्वाधीन झाला, तेव्हां त्याचें वय ४३ होतें. त्यास वर्षास ८ लक्ष रुपये ठरले. तो ब्रह्मावर्तास राहिला आणि इ. स. १८५१ च्या जानेवारींत, ७६ वर्षांचा होऊन वारला. म्हणजे नेमणूक साडेबत्तीस वर्षें चालली, आणि एकूण रक्कम अडीच कोटींच्या वर गेली. दत्तक पुत्र धोंडोपंत नानासाहेब यांची नेमणूक पुढें चालविण्याविषयींची मागणी कंपनीनें अमान्य केली. बाजीरावानें २८ लक्षांची मालमत्ता कुटुंबास ठेविली आहे, असें कारण डलहौसीनें त्या वेळीं नमूद केलें.

राजकीय न्यायान्यायाचा प्रश्न बाजूस ठेवून केवळ निर्वाहाच्या दृष्टीनें पाहिलें तर दोन गोष्टी निघतात. दीर्घायुष्याचा भार देणाऱ्यानें उचलला. बाजीरावास ‘पुंजी आधीं संपेल कीं आयुष्य’ ही चिंता नव्हती. उलट, मागें राहणाऱ्यांचा हक्क त्याच्याबरोबर संपला, आणि जें काय उरलें तें त्यानें स्वतः न खर्चितां बाजूस ठेविलें तेवढेंच. आजच्या वार्षिकीचेंहि असेंच आहे. ज्यांस जुनें निवृत्तिवेतन आहे त्यांस ही तहहयात नेमणूक महागाईभत्त्यासह आणि कुटुंबनिवृत्तिवेतनासह मिळते. बाजीरावाच्या नेमणुकीपेक्षां ती या बाबतींत सरस आहे. परंतु महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा नंतर लागलेल्यांस ती तशी मिळेनाशी झाली आणि त्यांच्या वांट्यास पुंजीची योजना आली. ‘पुंजी कशी खर्चावी’ हा प्रश्न आतां गांवोगांव विचारला जातो, याचें हें एक कारण आहे.

८. हाली आणि कलदार

बीड जिल्हा इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि येथील पगार, पेनशनी व रोख देणग्या हाली शिक्क्यांत मोजल्या जात. ११६ हाली रुपये १० आणे ८ पै म्हणजे १०० कलदार, असा सरकारी भाव होता. सोप्या शब्दांत ७ हाली म्हणजे ६ कलदार. संस्थान भारतांत विलीन झाल्यावर हाली शिक्का इ. स. १९५० नंतरच्या दशकांत चलनांतून गेला. इ. स. १९४९ मध्यें जहागिरी संपल्या, आणि पाठोपाठ इनामें व रोख देणग्या यांविषयींहि कायदे झाले. दप्तरांतून ‘वंशपरंपरा’ म्हणून लिहिलेलीं कित्येक उत्पन्नें एका दशकांत इतिहासजमा झालीं.

७० हालींचे ६० कलदार झाले म्हणून कोणी गरीब झाला नाहीं; आंकडा मात्र घटलेला दिसला. महागाईंत याच्या उलट घडतें. आंकडा तोच राहतो आणि मनुष्य गरीब होतो, म्हणून तें लौकर ध्यानांत येत नाहीं. मुद्दलाचा आंकडा शाबूत आहे एवढ्यावरून मुद्दल शाबूत आहे असें समजणारा गृहस्थ या दुसऱ्या फसवणुकीस बळी पडतो.

९. आजच्या गृहस्थाचा हिशेब

उदाहरणादाखल, साठाव्या वर्षीं हातीं २० लक्ष रुपये आलेला गृहस्थ घेऊं. व्याज शेंकडा ८ व महागाई शेंकडा ६ धरूं. कर बाजूस ठेवूं. ‘वढिभोज’ नियमानें तो वर्षास १,६०,००० घेईल आणि मुद्दल २० लक्षच राहील. परंतु शेंकडा ६ महागाईनें बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. बहात्तराव्या वर्षीं त्याच्या १,६०,००० स आजच्या ८०,००० ची, आणि चौऱ्यायशींव्या वर्षीं ४०,००० ची योग्यता राहील. सुरुवातीस, अंगांत बळ असतांना, सर्वांत अधिक; आणि अखेरीस, परावलंबी असतांना, सर्वांत कमी. शिवाय व्याजाचा दरहि स्थिर नसतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना इ. स. २००४ मध्यें शेंकडा ९ दरानें सुरू झाली; एप्रिल २०२० पासून तिचा दर ७.४ झाला, आणि एप्रिल २०२३ पासून ८.२. मुदत संपून पुन्हा ठेव ठेवितांना जो दर असेल तोच पदरीं पडतो.

आतां दुसरी रीति पाहूं. तोच गृहस्थ पहिल्या वर्षअखेरीस सुमारें १,०७,००० घेतो आणि पुढें दरवर्षीं ही रक्कम शेंकडा ६ नें वाढवितो. पहिल्या वर्षीं १,६०,००० व्याजांपैकीं ५३,००० तो मुद्दलांत परत घालतो. पहिलीं दहा वर्षें व्याज उचलीपेक्षां अधिक असल्यामुळें मुद्दल वाढत जातें. अकराव्या वर्षापासून उचल व्याजापेक्षां अधिक होऊन मुद्दल उतरूं लागतें. आणि पंचविसाव्या वर्षीं सुमारें ४,३४,००० ची शेवटची उचल होऊन तें संपतें. या सर्व काळांत त्याच्या उचलीची खरेदीशक्ति एकसारखी राहते. व्याजाचा तिसरा भाग आरंभीं न खाणें, ही त्याची किंमत. आणि मुद्दलास पुढें हात लावण्याचा संकोच न बाळगणें, हें त्याचें पथ्य.

अमेरिकेंत विल्यम बेंगेन यानें इ. स. १९९४ मध्यें तेथील इ. स. १९२६ पासूनचे आंकडे तपासून असें मांडलें कीं, पहिल्या वर्षीं पुंजीच्या शेंकडा ४ घेऊन पुढें महागाईप्रमाणें वाढ करीत गेल्यास पुंजी तीस वर्षें पुरते. तो आंकडा त्या देशाच्या रोख्यांवर व समभागांवर बसविलेला असल्यानें जसाच्या तसा येथें लागू करूं नये. परंतु पद्धति तीच आहे.

वरील पंचवीस वर्षांच्या हिशेबांत दर व महागाई स्थिर धरली आहे, आणि तीं तशीं राहत नाहींत. यास्तव दरवर्षीं एका ठराविक महिन्यांत शिल्लक मोजावी, उरलेलीं वर्षें धरावीं, आणि पुढील वर्षाची उचल पुन्हा ठरवावी. शिल्लक अपेक्षेपेक्षां घटली असेल तर ककडीच्या शेताप्रमाणें तें मान्य करून उचल उतरवावी. आयुष्य पंचवीस वर्षांपलीकडे गेलें तर काय, यास उत्तर म्हणून पुंजीचा कांहीं भाग तहहयात वार्षिकींत घालावा. औषधाची नीवी वेगळी असावी आणि ती नित्य खर्चास शिवूं नये. पुंजी अनेक ठिकाणीं वांटलेली असावी. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदारास ५ लक्षांपर्यंत विम्याचें संरक्षण इ. स. २०२० पासून आहे आणि तें सहकारी बँकांसहि लागू आहे. पतसंस्थांतील ठेवींस तें नाहीं. बँकेहून शेंकडा चार अधिक देणाऱ्या संस्थेंत सर्व पुंजी ठेवणाऱ्यानें हा भेद ध्यानीं घेतला पाहिजे. उषवदातानें शास्त्रोक्त दराहून कमी दर कां पत्करला असावा, याचें उत्तर या जिल्ह्यांतील अडकलेल्या ठेवींनीं दिलें आहे.

१०. उपसंहार

अक्षयनीवी ही अमर संस्थांसाठीं निघालेली रीति आहे. मर्त्य गृहस्थानें ती जशीच्या तशी उचलली म्हणून तिचे दोष त्याच्या वांट्यास आले. गोवर्धनच्या श्रेणी आज नाहींत, काहापण नाहींत, आणि ज्या मुद्दलास अक्षय म्हटलें तेंहि नाहीं. जें दान मोजून पुन्हा नेमून दिलें गेलें, त्याचाच दुसरा लेख कोरण्याची वेळ आली. सेवानिवृत्तास मूलधनरूप नीवीपेक्षां आयव्ययशुद्ध शिल्लकरूप नीवीच अधिक उपयोगाची आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. सनदा, महजर व वंशावळी यांच्या शोधांत घरगुती जमाखर्चाच्या वह्या आपण पुष्कळदां रद्दींत जाऊं देतों. मराठवाड्यांतील पेनशनर, कुळकर्णी, पुराणिक यांच्या घरीं हाली शिक्क्याच्या काळांतील अशा वह्या अद्याप माळ्यांवर असण्याचा संभव आहे. वृद्धापकाळीं उचल कोणत्या वर्षीं वाढली, कोणत्या दुष्काळांत घटली, दुखण्यास किती गेलें, हें त्यांतूनच कळेल. शिलालेख दानाचा आरंभ सांगतात. निर्वाह शेवटपर्यंत कसा झाला, हें या वह्याच सांगूं शकतील. त्या कसरीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं त्यांची नोंद व्हावी.